आधी आगाऊ, मग आकाशकंदील

तारापूर एमआयडीसीतल्या एका रसायन कारखान्यात मी बावीस वर्षं परचेस सांभाळलं. व्हॉल्व्ह, गॅस्केट, ड्रम, हातमोजे, आणि वर्षातून एकदा कामगारांची दिवाळी भेट. सुकामेवा झाला, स्टीलचे डबे झाले, भिंतीवरची घड्याळंही झाली. मग एका वर्षी साहेबांच्या मनात आलं की आपल्याच जिल्ह्यातल्या आदिवासी बायकांनी हातानं केलेलं काहीतरी देऊ, चार पैसे त्यांच्या पदरात पडतील. फाईल माझ्या टेबलावर आली. पुढं जे शिकलो ते बहुतेक ठेचा खाऊनच.

१. दिवाळीची ऑर्डर दसऱ्याला देऊ नये.

मी नेमकी दसऱ्यालाच दिली. चिल्हार फाटा, मनोर करत विक्रमगड तालुक्यातल्या एका पाड्यावर गेलो. तिथला बचत गट बांबूचे आकाशकंदील करायचा. एकशे ऐंशी नग, वीस दिवस. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. का हसल्या ते बाहेर आल्यावर कळलं. भात पिवळं पडून उभं होतं. कापणी, बांधणी, झोडणी, सगळं त्याच वीस दिवसांत. माझ्या वेळापत्रकात दिवाळी हा सण होता, त्यांच्या वेळापत्रकात तो सुगीचा मोसम होता.

नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. रात्री जागून त्यांनी नग पुरे केले, पण साठवणीतला वाळवलेला बांबू संपला आणि उरलेल्या नगांना ओला वापरावा लागला. डिसेंबरात माझ्या टेबलावरच्या कंदिलाखाली पिवळसर भुकटी दिसू लागली. झटकली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. भुंगा लागला होता. बांबूत पिठूळ अंश असतो, भुंगा त्याच्यासाठीच येतो. म्हणून बांबू तीन वर्षांचा, जून हवा, पाऊस सरल्यावर तोडलेला हवा. गावात तर अवस बघून तोडतात. मग तो बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवायचा. या सगळ्याला वीस दिवस पुरत नाहीत. रसायनाच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला बोरिक अ‍ॅसिडचा हा उपयोग पाड्यावरच्या एका मावशीनं समजावला, हेही इथं नोंदवून ठेवतो.

तेव्हापासून आमची ऑर्डर मे महिन्यात जायला लागली.

२. खरेदीला दान म्हणू नये.

अकाउंट्सनं पहिल्याच बिलावर शेरा मारला, ‘८०-जीची पावती जोडा’. पावती देणगीची मिळते. आपण वस्तू घेतली, पैसे मोजले, हिशेब मिटला. मग कोणीतरी म्हणालं, हा खर्च सीएसआरमध्ये दाखवू. २०१३च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामाला लावायचं बंधन घातलं, ते खरं. पण आपल्याच कामगारांना वाटलेली भेट त्यात बसत नाही. सीएसआर करायचाच तर बायकांच्या प्रशिक्षणाला पैसे द्यावेत. वसई तालुक्यात भालिवलीला ‘सेवा विवेक’चं असं काम चालतं. आदिवासी बायका तिथं बांबूकाम शिकतात, राख्या आणि कंदील करतात. ते खातं निराळं, कंदिलाचं बिल निराळं.

हा घोळ नुसता कागदावरचा नव्हता. दान म्हटलं की आपण भाव विचारत नाही, माल तपासत नाही आणि वर उपकाराची भाषा बोलतो. मीही बोललो असेन.

३. पैसे वेळेवर, आणि निम्मे आधी.

हे खरं तर पहिलं लिहायला हवं होतं, पण लाज वाटली म्हणून खाली ढकललं.

आमच्याकडे बिलाला नव्वद दिवस लागायचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना पंचेचाळीस दिवसांत पैसे द्या असं २००६चा कायदा सांगतो, पण त्यासाठी आधी तशी नोंदणी हवी. गटाकडे बचत गटाचं पासबुक होतं, आमचा व्हेंडर कोडसुद्धा नव्हता. बांबू त्यांनी गटाच्या पेटीतून आणला होता. मी चेक घेऊन गेलो तो जानेवारीत. पाडा जवळजवळ रिकामा. दिवाळी झाली की या भागातली घरंच्या घरं वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परततात. अंगणात एक म्हातारी आणि दोन पोरं होती. अकरापैकी सात बायका भट्टीवर होत्या, खात्यावर सह्या करणाऱ्याही त्यांतच, आणि त्यांच्या सह्यांशिवाय बँकेतून पैसे निघणार नव्हते. भट्टीवर जाताना घर जी उचल घेतं, तिच्यापायी बाईमाणूस कुठं अडकतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. ज्या पैशानं त्यातल्या दोघीतिघी कदाचित घरी राहिल्या असत्या, तो पैसा आमच्या तिसऱ्या मजल्यावर एका सहीसाठी थांबला होता.

पुढच्या वर्षी पर्चेस ऑर्डरवर छापून घेतलं की पन्नास टक्के आगाऊ आणि बाकी माल उतरल्यावर आठ दिवसांत. फायनान्सवाले म्हणाले, पायंडा पडेल. पडला.

४. ‘हे कोणी केलं?’ हे विचारावं, आणि लगेच ‘मजुरी किती?’ हेही.

मुंबईच्या एका प्रदर्शनात तसाच कंदील आमच्या दराच्या अडीचपट किमतीला टांगलेला पाहिला. शेजारी आदिवासी भगिनींच्या सक्षमीकरणाचा फलक. स्टॉलवरच्या बाईंना पाड्याचं नाव सांगता येईना. मधला माणूस नफा खातो याबद्दल माझी तक्रार नाही. वाहतूक, भाडं, नासधूस, हे सगळं मी परचेसमध्ये पाहिलंय. पण मजुरीचा आकडा सांगायला जो कचरतो, त्याच्याकडून मी गॅस्केटही घेतलं नसतं.

५. वारली चित्र बोटानं वाचावं.

बाजारात वारली म्हणून जे मिळतं, त्यात छापील माल फार. कॉफीचे मग, टी-शर्ट, लेझरनं कापलेली पाटी. ओळखायला सोपं आहे. छापलेल्या नाचात सगळी माणसं एकाच साच्यातली असतात. हातानं काढलेल्या चित्रात एकाची कंबर जाड, एकाचा पाय आखूड, आणि रेघेवर बोट फिरवलं की रंगाचा उंचवटा लागतो. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे, पण बोईसर स्टेशनबाहेरच्या दुकानात ते कोण बघतो!

साहेबांना कॅलेंडरसाठी लग्नचौक हवा होता, मधोमध कंपनीचा लोगो. डहाणूकडच्या एका चित्रकाराकडे मी ही फर्माईश घेऊन गेलो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “साहेब, तिथं पालघट बसते. तुमचा मार्का कुठं बसवू?” चौक सवाशिणी लिहितात, लग्न लावणाऱ्या धवलेरी गाणी म्हणतात, पालघट देवी बसल्याशिवाय लग्न लागत नाही. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७०नंतर ही रेघ भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण म्हणून चौक काही फावल्या जागेचं नक्षीकाम झाला नाही. चित्रकारानं तारपा नाच काढून दिला. लोगो मागच्या बाजूला गेला, आणि पुढं कोपऱ्यात चित्रकाराची सही. तशी सही हवी हे मात्र मीच धरून बसलो.

६. ज्याची गरज आहे तेच द्यावं.

कंदील कामगारांनी घेतले, पण पुढच्या दिवाळीला किती खिडक्यांत लागले ते मी वसाहतीतून चक्कर मारून मोजलं. आकडा सांगत नाही.

मग एके दिवशी पॅकिंगमधला बिहारचा एक हेल्पर माझ्या केबिनमध्ये आला. कोपऱ्यात गटानं नमुन्याला दिलेलं सूप पडलं होतं. ते उचलून, उलटंपालटं करून म्हणाला, “साब, इसके साथ दौरा भी बनता है क्या?” बोईसरला उत्तर प्रदेश-बिहारकडची माणसं किती, हे दिवाळीनंतर सहाव्या दिवशी कळतं. छठला सूर्याला अर्घ्य द्यायचं ते बांबूच्या सुपातून, आणि घाटावर सगळं सामान न्यायचं ते दौऱ्यातून, म्हणजे मोठ्या टोपलीतून. दर वर्षी ही माणसं सुपासाठी बाजार धुंडाळायची, आणि तासा-दीड तासाच्या अंतरावर ती विणणारे हात वीटभट्टीची वाट धरायचे. बावीस वर्षं मागणी-पुरवठ्याचे तक्ते भरूनही मला हे दिसलं नव्हतं.

कंदील पन्नासावर आणले, बाकी सुपं केली.

७. मी निवृत्त झालो त्याला तीन वर्षं झाली. यंदा सोसायटीसाठी पन्नास कंदील हवे होते, म्हणून जूनमध्ये गटाच्या ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, “भाऊ, उशीर केलात. सुपांचीच ऑर्डर संपत नाही. तुमचे पंचवीस होतील, आणि आगाऊ लागेल.”

लगेच पाठवले.