सायकल चालवा, पण कुठून?

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या रुग्णाला डॉक्टर हमखास सांगतात, "रोज चाला, नाहीतर सायकल चालवा." सल्ला योग्यच असतो. रुग्ण मान डोलावतो, पण सायकल काही घराबाहेर निघत नाही. कारण विचारले की तो रस्त्याकडे बोट दाखवतो. गाड्या अंगाला घासून जातात, मागून ट्रक येतो, मुलांना पाठवायला तर जीव धजत नाही, असे तो सांगतो. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. चिठ्ठीवर लिहिलेले औषध दुकानात मिळतच नसेल, तर दोष रुग्णाचा कसा? म्हणून या आठवड्यात सायकलच्या फायद्यांबरोबरच सायकलच्या वाटेचाही विचार करू.

शरीराला काय मिळते?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनेनुसार प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा आणि शाळकरी मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे. आता आपल्याकडचा हिशेब करा. खंडाळा ते लोणावळा हे अंतर तीन-चार किलोमीटरांचे. सायकलने जायला पंधरा-वीस मिनिटे, यायला तेवढीच. आठवड्यातून पाच दिवस कामाला किंवा बाजारात असे गेलात की १५० मिनिटे आपोआप भरली! वेगळा वेळ नको, वर्गणी नको.

या व्यायामाने हृदय व फुप्फुसांची ताकद वाढते, स्नायू रक्तातील साखर वापरू लागतात, रक्तदाब आटोक्यात राहण्यास मदत होते. शरीराचा बराचसा भार सीटवर असल्याने गुडघ्यांनाही त्रास कमी. कोपनहेगन येथील एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. सायकलने कामावर न जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण सायकलने जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्के अधिक आढळले. तेही धूम्रपान, इतर व्यायाम वगैरे गोष्टींचा हिशेब धरून. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा स्वस्त उपाय वाया घालवणे आपल्याला परवडणारे नाही.

भीती खोटी नाही

खंडाळा-लोणावळ्यातून जुना मुंबई-पुणे रस्ता जातो. द्रुतगती मार्ग झाला तरी या रस्त्यावरची वर्दळ संपलेली नाही. शनिवार-रविवारी आणि पावसाळ्यात पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. रस्त्याची कड उभ्या गाड्यांनी भरली की सायकलस्वाराला भर वाहतुकीत शिरावे लागते. वाहनांचा सरासरी वेग ताशी एका किलोमीटरने वाढला तरी जीवघेण्या अपघातांचा धोका चार ते पाच टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच जिथे माणसे, सायकली आणि मोटारी एकत्र चालतात तिथे वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त नसावा, असे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात म्हटले आहे. जिथे वेग एवढा कमी ठेवता येत नाही, तिथे सायकलला वेगळी वाट हवी.

नागरिकांनी मागितले तेव्हा

नेदरलँड्स हा सायकलींचा देश म्हणून आज प्रसिद्ध आहे, पण तिथले सायकल मार्ग सहजासहजी मिळालेले नाहीत. १९७१ साली त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मरण पावली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. पालक आणि रहिवासी रस्त्यावर उतरले. "मुलांचे बळी थांबवा" ही त्यांची मागणी होती. पुढे सरकारने हेग व टिलबर्ग या शहरांत नमुन्याचे सायकल मार्ग बांधले, आणि हळूहळू त्यांचे जाळे देशभर पसरले.

आपले पुणेही एकेकाळी सायकलींचे शहर होते. दुचाकी वाढल्या आणि सायकली मागे पडल्या. 'परिसर'सारख्या संस्था वर्षानुवर्षे सायकलस्वार व पादचाऱ्यांची बाजू मांडत राहिल्या. २००६ साली सुरू झालेल्या जलद बस मार्गाबरोबर सायकल ट्रॅकही आले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. मात्र अनेक ठिकाणी ट्रॅक मध्येच संपतात, कुठे त्यावर गाड्या उभ्या असतात, कुठे फरशा उखडलेल्या. ट्रॅक बांधून घेण्याइतकेच तो मोकळा व अखंड ठेवणे महत्त्वाचे, हा धडा पुण्याकडून घ्यावा.

मागणी कशी करावी?

नुसता "सायकल ट्रॅक हवा" असा अर्ज पुरेसा नाही. पुढील गोष्टी कराव्यात :

१. शाळा भरताना एक तास आणि शनिवारी दुपारी एक तास रस्त्यावर उभे राहून सायकली व कडेला लावलेल्या गाड्या मोजा. आकडे तारखेसह लिहून ठेवा.

२. रस्ता नगरपरिषदेचा की अन्य खात्याचा, हे आधी विचारा. उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा.

३. शाळेपासून वस्तीपर्यंतचा एकच तुकडा आधी मागा, पण तो अखंड मागा. ट्रॅकची रुंदी किमान दोन मीटर असावी.

४. आपला भाग चढउतारांचा. ३० मीटरला एक मीटरपेक्षा तीव्र चढ सायकल ट्रॅकला शक्यतो नसावा. त्यामुळे मुख्य रस्त्यापेक्षा आतला सौम्य चढाचा रस्ता कधी कधी सोयीचा ठरेल.

५. पावसाचे पाणी निघून जाण्याची सोय आणि गटारांवर पक्की झाकणे हवीत. जाळीच्या फटी आडव्या असाव्यात, म्हणजे चाक अडकत नाही.

सुरुवात करणाऱ्यांसाठी

हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर दहा मिनिटे पुरेत. चढ लागला की उतरून चालावे, त्यात कमीपणा नाही. छातीत दुखणे, चक्कर किंवा फार धाप जाणवली तर लगेच थांबावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. पॅडल खाली असताना गुडघा किंचितच वाकेल एवढी सीट उंच असावी. हेल्मेट घालावे, मागे लाल दिवा लावावा. घाटातल्या धुक्यात तो फार उपयोगी पडतो.

लोणावळ्यात १९२४ पासून कैवल्यधाम आहे. शरीर हलते ठेवण्याचे महत्त्व या गावाला नव्याने सांगायला नको. शाळकरी मुलगी एकटी सायकलवरून निर्धास्त जाऊ शकेल, असा रस्ता मधुमेहाच्या आजोबांनाही चालतो. रस्ता कसा आहे, हे पाहण्याची खूण हीच धरावी.