यंत्रमागापासून पीएलसीपर्यंत : इलेक्ट्रिकलची पदवी कशासाठी?

"इलेक्ट्रिकलची डिग्री म्हणजे शेवटी वायरमनचेच काम ना?" मुलाला दहावीनंतर दुकानावर बसवू पाहणारे आपले व्यापारी बांधव असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर आपल्याच धंद्यात आहे.

साध्या यंत्रमागावर बाणा तुटला की लोखंडी काटा ढळत नाही आणि माग थांबतो. नव्या रेपियर मागावर हेच काम सेन्सर करतो. तो पीएलसीसारख्या छोट्या संगणकाला खबर देतो, आणि तो संगणक मोटर बंद करतो. पूर्वी अशा कामासाठी रिले जोडत. क्रम बदलायचा तर सगळ्या वायरी उकलाव्या लागत. आता प्रोग्राम बदलला की झाले. तसे पाहिले तर १८०४ साली फ्रान्समध्ये जकार्डने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवर नक्षी विणली, तेही ऑटोमेशनच होते.

आता मोटरचा हिशोब पाहा. चार पोलची मोटर, ५० हर्ट्झची वीज. १२० गुणिले ५० भागिले ४, म्हणजे मिनिटाला १५०० फेरे. भार पडल्यावर साधारण १४४०. ड्राइव्ह लावून वीज ४० हर्ट्झ केली तर हिशोब १२०० वर येतो, पुली बदलावी लागत नाही. ड्राइव्हची जोडणी वायरमनही करील. पण वेग कमी झाला की मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो, आणि भार तितकाच राहिला तर मोटर तापते. ती किती वेळ टिकेल, हे आधी सांगणारा इंजिनिअर. जळालेल्या मोटरचे रिवाइंडिंग आणि बंद मागाची मजुरी ज्याने भरली आहे, त्याला हा फरक समजावून सांगायला नको.

नाशिकमध्ये ही सोय घराजवळ आहे. १९८४ साली सुरू झालेल्या क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलची शाखा आहे. सातपूर-अंबडला स्विचगिअर व पॅनेलचे कारखाने आहेत.

रस्ते दोन. बारावीला फिजिक्स व गणित घेऊन सीईटी द्यायची, मग चार वर्षे पदवी. किंवा दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांचा डिप्लोमा करून पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घ्यायचा. दहावीपासून मोजले तर दोन्हीकडे सहाच वर्षे. मात्र घरची ओढाताण असेल तर मी डिप्लोमाच सुचवीन. तिसऱ्या वर्षी मुलाच्या हातात नोकरीपुरता कागद असतो, पुढचे शिक्षण कमावतानाही होते.

खरी अडचण गणिताची. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचा पेपर उर्दूतही मिळतो, गणिताचा फक्त इंग्रजीत. माझे शिक्षण उर्दू माध्यमातले. जाविया, मुसल्लस, मुसावात हे शब्द पाठ, पण 'इक्वेशन' म्हणजे मुसावातच, हे फार उशिरा कळले. म्हणून मूल आठवीत असतानाच वहीत दोन रकाने पाडून द्या : एकात उर्दू शब्द, दुसऱ्यात इंग्रजी.