रात्री दूरचं केंद्र लागतं, ते का?

प्रश्न : आमच्या जुन्या रेडिओवर रात्री मीडियम वेव्हची लांबलांबची केंद्रं लागतात, दिवसा मात्र नुसती खरखर. सेट बिघडलाय का?

उत्तर : सेट ठणठणीत आहे, भंगारात घालू नका. जमिनीपासून साधारण 60 ते 90 किलोमीटर उंचीवर आयनांबराचा 'डी' थर असतो. तो उन्हामुळे तयार होतो आणि मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. एफएमची लहर जेमतेम तीन मीटरची. ती या थरांतून आरपार निघून जाते आणि डोंगराआड फारशी वळतही नाही. घाटात गाडीतलं गाणं तुटतं ते त्यामुळेच.

मीडियम वेव्ह ऐकताना बाहेरची दांडी ओढून उपयोग नाही, ती एफएमसाठी. इथला अँटेना म्हणजे आतली, तांब्याची तार गुंडाळलेली काळी फेराइटची कांडी. म्हणून अख्खा सेटच हळूहळू फिरवून पाहा. तरीही खरखर राहिली, तर जवळचा मोबाइल चार्जर नि एलईडी दिवा बंद करा. बऱ्याचदा चोर तिथंच सापडतो.