सायकलीचे सांधे

पालघर जिल्ह्यातील कुंभवली हे गाव तारापूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ वसलेले आहे. या भागात अरबी समुद्र दूर नाही. त्यामुळे हवा खारी व दमट असते; पावसाळ्यात तर सर्वत्र पाणीच पाणी होते. अशा हवेत धातू लवकर खराब होतो. म्हणून येथे सायकलीवरून शाळेला किंवा कामाला जाणाऱ्याने तिच्या सांध्यांची विशेष काळजी घेतली पाहिजे.

सायकल अनेक भाग जोडून तयार होते. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीत पोलादी नळ्या पितळेचा डाख देऊन जोडलेल्या असतात. ज्या दांड्याला पायडल बसवितात, त्यास क्रँक म्हणतात. हा क्रँक आसावर कॉटर पिनेने घट्ट केलेला असतो. पिन झिजली की पायडल मारताना हिसका बसतो. सायकल जणू आपले दुखणे स्वतःच सांगते! दुरुस्ती करणारा नवी पिन ठोकतो आणि काम भागते.

हलक्या सायकलींसाठी ॲल्युमिनियम वापरतात. परंतु कठीण केलेल्या ॲल्युमिनियमला जोडकामाची उष्णता लागली, तर त्याचे बळ घटते. यासाठी काही भाग रासायनिक चिकटद्रव्याने जोडतात. ही रीत मुळात वाईट नव्हे. विमानाचेही कित्येक भाग असेच जोडलेले असतात. मात्र सांध्यात खारे पाणी झिरपले, तर आतल्या आत धातू खराब होतो व चिकटद्रव्याची पकड सुटू लागते. वरून तो भाग चकचकीतच दिसतो!

जपानमधील शिमानो ही सायकलीचे भाग बनविणारी विख्यात कंपनी होय. तिने दोन तुकडे चिकटवून आतून पोकळ, वजनाला हलके असे क्रँक तयार केले. २०१२ ते २०१९ या काळात बनलेल्या अशा काही क्रँकचे तुकडे पुढे सुटू लागले. अशा ४,५१९ घटनांची नोंद झाली. सहा जण जखमी झाले. अखेर सप्टेंबर २०२३ मध्ये एकट्या अमेरिकेतील सुमारे ६,८०,००० क्रँकची तपासणी करण्याचे कंपनीने जाहीर केले. उत्तम कारागिरीलाही तपासणीची गरज असते, हे यावरून दिसून येते.

चढावर स्वार आपला सारा भार पायडलवर टाकतो. त्याच क्षणी क्रँक तुटला, तर तो रस्त्यावर कोसळतो. म्हणून सायकल आठवड्यातून एकदा पुसावी व सांधे निरखावेत. करकर आवाज येणे, जोडावर बारीक फट दिसणे, क्रँक डुगडुगणे ही धोक्याची चिन्हे होत. ती दिसताच सायकलीवर बसू नये; ती हाताने ढकलत दुरुस्तीच्या दुकानात न्यावी. सुटलेला सांधा घरी चिकटवून पुन्हा सायकल चालविणे म्हणजे जिवाशी खेळणे होय.

स्वाध्याय
१. कॉटर पिनेचा दोष लवकर का कळतो?
२. चिकटविलेल्या सांध्यातील दोष लवकर का कळत नाही?
३. तुमच्या घरातील सायकलीचे सांधे वडीलधाऱ्यांसमवेत तपासा व काय आढळले ते पाच ओळींत लिहा.