फडताळाला दार नको

पुणे, श्रावण

चि. ओंकार यास,


मागच्या खोलीतल्या फडताळाचा फोटो पाहिला. दारं निघाल्यापासून ती पोकळी तशीच उघडी आहे. तिथे पुस्तकं आणि आजीच्या चिनीमातीच्या बरण्या मांडायचं तुझ्या मनात आलं, याचा मला फार आनंद झाला. सुतार मात्र आतून प्लाय मारून, दारं लावून बंद कपाट करू म्हणतोय. त्याचं ऐकू नकोस. फळ्या घाल, तोंड उघडंच ठेव.

आपल्या घराची भिंत चिऱ्याची आहे आणि चिरा पाणी पितो. रत्नागिरीकडे पावसाळ्यात ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. फडताळाची पोकळी म्हणजे त्या भिंतीचा सगळ्यात पातळ भाग, आणि तिच्या मागे थेट परसदार. ओल येणार ती आधी तिथेच. प्लायच्या आड ती कोंडली की बुरशी धरते, आणि ओलाव्यामागून वाळवी येते. उघड्या फळीवर निदान वारा फिरतो, आणि बिघडलं तर डोळ्यांना दिसतं.

आत्ता पाऊस चालू आहे तेवढ्यात एक कर. मागच्या भिंतीला हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लाव आणि दुसऱ्या दिवशी काढ. कागदाच्या आतल्या अंगाला पाणी साचलं असेल तर ओल भिंतीतून येते आहे. मग आधी बाहेरचा गिलावा आणि वरची पन्हळ बघावी लागेल, फळ्यांचं नंतर. आतून ऑइलपेंट लावू नकोस, चुना दे.

पोकळीच्या वरची आडवी तुळई वरच्या चिऱ्यांचा भार पेलते. तिला तासू नकोस, आणि जागा वाढवायची म्हणून बाजूची भिंतही फोडू नकोस. आहे त्या पोकळीत बसेल तेवढंच सामान ठेवायचं.

आता माप, आणि इथे घाई अजिबात नको. जुन्या घरात एकही कोपरा गुण्यात नसतो. वर, मधे, खाली रुंदी वेगळी. पुढची वेगळी, मागची वेगळी. म्हणून एकच माप घेऊन सगळ्या फळ्या कापायच्या नाहीत. प्रत्येक फळीच्या जागी पुठ्ठ्याचा साचा बसवून बघायचा, त्यावर नंबर घालायचा आणि त्याबरहुकूम फळी कापायची. दोन्ही कडांना दोन-तीन मिलिमीटर सैल असू दे, कारण पावसात लाकूड फुगतं. मागेही अर्धा इंच जागा सोड, म्हणजे हवा खेळेल.

फळीखाली दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोकायच्या. भोक चिऱ्याच्या मध्यावर पाड, सांध्यात नको. सांध्यातली माती स्क्रू धरत नाही. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय प्लग आत घालू नकोस. दोन्हीकडच्या पट्ट्या एका पातळीत आहेत का, हे पाण्याच्या नळीने बघ. डोळ्यांवर भरवसा ठेवू नकोस.

पुस्तकांचं वजन लोकांना कळत नाही. फूटभर रांग आठ-दहा किलो सहज भरते. आणि फळीची लांबी दुप्पट केलीस तर तितक्याच दाटीने लावलेल्या पुस्तकांखाली तिचा पोक दुप्पट नाही, सोळापट होतो. तुझी पोकळी तीन फुटांहून रुंद दिसते. तेव्हा मधे एक उभी फळी घाल, किंवा निदान पुढच्या कडेखाली दीड इंचाची पट्टी उभी लाव. बरण्या तळाच्या खणात ठेव. तिथे कडप्पा घातलास तर उत्तम, त्याला वाळवी लागत नाही आणि लोणच्याचं तेल पुसता येतं. खणांची उंची कागदावर ठरवू नकोस. तुझी सर्वांत उंच बरणी आणि सर्वांत मोठा दिवाळी अंक शेजारी ठेवून ठरव.

आणि प्लाय विकत घेण्याआधी माळ्यावर जा. फडताळाची जुनी दारं तिथेच ठेवलेली आहेत. ती फणसाची आहेत, म्हणून काळपट पडली आहेत. रंधा मारलास की आतून पिवळं लाकूड निघेल. फणसाला वाळवी सहसा लागत नाही. कडा कुजल्या असतील तेवढ्या काप, मधल्या फळ्या नक्की पुरतील.

पाऊस संपून भिंत कोरडी होईपर्यंत काही ठोकू नकोस. तोवर पुठ्ठ्याचे साचे कापून ठेव, आणि मापं मला कळव.

तुझी,
आत्या