हॉपचे पीक आणि ताजी एल : नाशवंत मालाच्या विक्रीचा एक धडा

काही माल असे असतात की, ताजे असता त्यांची किंमत एक आणि वाळविल्यावर दुसरी. तासगावकडील द्राक्षबागाईतदारास हे नव्याने सांगावयास नको. चार शेर द्राक्षे वाळवावी तेव्हा सुमारे शेरभर बेदाणा हाती येतो. आणि द्राक्षे ताजी विकावी की बेदाणा करावा, या विचारात त्याची दरवर्षी झोप उडते. असाच पेच दूरदेशीच्या एका पिकाच्या शेतकऱ्यांपुढे असतो. ते पीक म्हणजे हॉप. त्या शेतकऱ्यांनी हा पेच कसा सोडविला आणि सोडविताना कोठे ठेच खाल्ली, हे आमच्या वाचकांपुढे मांडावे, असा या लेखाचा उद्देश आहे.

हॉपचा उपयोग बिअरमध्ये होतो. हे वाचून कित्येकांच्या कपाळास आठ्या पडतील. कोणास पिण्याचा उपदेश करावा, हा आमचा हेतू नाही. महाराष्ट्रात दारूबंदीचा १९४९ चा कायदा आहे, त्यातील परवान्याचे नियम ज्याचे त्याने पाहावेत. परंतु उसाचा गूळ खाणारा आणि न खाणारा या दोघांसही गुऱ्हाळाचे शास्त्र समजून घेण्यास हरकत नसते. तसेच हे समजावे.

वेलाची ओळख

हॉप हा बहुवर्षायु वेल आहे. त्याचा गड्डा जमिनीत राहून वर्षानुवर्षे फुटतो. वरचा वेल मात्र दर हिवाळ्यात मरतो. नर व मादी वेल वेगवेगळे असतात आणि पिकाकरिता मादी वेल लावतात. मादी वेलास लहान शंकूच्या आकाराची, पापुद्र्यांवर पापुद्रे असलेली हिरवी फुले येतात. फूल उकलून पाहिले तर पापुद्र्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट, सुवासिक भुकटी दिसते. सारी किंमत या भुकटीची आहे. तिच्यात कडवट राळ असते व उडून जाणारी सुगंधी तेले असतात.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात याकिमा नावाचे खोरे आहे. त्या देशातील हॉपचा फार मोठा भाग तेथे पिकतो. वर्षाचा पाऊस अवघा ८ इंचांच्या आसपास. म्हणजे आमच्या माणदेशाहूनही तो मुलूख कोरडा. परंतु डोंगरावरील बर्फाचे पाणी पाटांनी आणून तेथे मळे उभे केले आहेत. सुमारे १८ फूट उंचीचा खांबांचा व तारांचा मांडव असतो. वसंतात प्रत्येक गड्ड्यापासून मांडवापर्यंत दोऱ्या बांधतात आणि कोवळे शेंडे हातांनी त्यांवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळवितात. या दोऱ्या बहुधा नारळाच्या काथ्याच्या असतात व दक्षिणेकडील नारळीच्या मुलुखातून जहाजाने तेथे जातात. भर हंगामात वेल दिवसाला वीतभर सहज वाढतो. पुढे दिवस लहान होऊ लागले म्हणजे फुलोरा धरतो. आणि ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत तोडणी चालते.

वाळवण का करावे लागते

तोडलेल्या फुलात शंभरांत सुमारे ८० भाग पाणी असते. ढीग तसाच ठेवला तर काही तासांत तापतो, काळा पडतो व कुजू लागतो. म्हणून फुले लागलीच भट्टीच्या जाळीवर पसरून गरम हवेने वाळवितात. पाणी दहा टक्क्यांवर आले म्हणजे फुले दाबून त्यांच्या गाठी बांधतात व थंड वखारीत ठेवतात. हिशेब सोपा आहे : शंभर शेर हिरव्या फुलांत कोरडा अंश वीस शेर, दहा टक्के पाणी ठेवून वाळविल्यास सुमारे बावीस शेर माल भरतो.

वाळविलेला हॉप वर्षभर टिकतो व सातासमुद्रांपार जातो. पण वाळविताना हलक्या, सुवासिक तेलांचा बराच अंश हवेत उडून जातो. हिरवी कोथिंबीर आणि वाळविलेली कोथिंबीर यांत जो भेद, तोच येथे.

जुन्या काळी हॉपची मुख्य किंमत बिअर टिकविण्यासाठीच होती. हॉपच्या कडवट राळेमुळे बिअर नासविणारे कित्येक जंतू वाढत नाहीत. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला होण्यापूर्वी विलायतेहून निघालेले गलबत आफ्रिकेस वळसा घालून मुंबईस पोहोचण्यास महिनोन् महिने लागत. त्या प्रवासाकरिता जास्त हॉप घातलेली फिकी बिअर पाठवीत. तीच पुढे 'इंडिया पेल एल' या नावाने जगभर झाली. टिकविण्याकरिता वापरलेले पीक पुढे ताजेपणाकरिताच नावाजले जावे, ही मौजेची गोष्ट खरी.

ताजी एल

बिअर करण्याची रीत थोडक्यात अशी. सातूस मोड आणून ते भट्टीत सुकवितात; भरडून गरम पाण्यात भिजविले म्हणजे गोड रस निघतो. तो हॉप घालून उकळतात. उकळताना हॉपचा कडवटपणा उतरतो. अखेरीस घातलेल्या हॉपचा सुवास राहतो. रस निववून त्यात यीस्ट घालतात व तो आंबतो. थोड्या उबदार हवेत लवकर आंबविलेल्या बिअरेस 'एल' म्हणतात.

ताज्या हॉपच्या एलकरिता फुले भट्टीस दाखवीतच नाहीत. सकाळी तोडलेला माल त्याच दिवशी, फार तर एका अहोरात्रीच्या आत, उकळत्या रसात पडावा लागतो. पाण्याचा अंश जास्त असल्यामुळे सुक्याच्या सुमारे पाचपट हिरवा हॉप लागतो. इंग्लंडात वॉडवर्थ या जुन्या कारखान्याने १९९२ साली अशी एल काढली, आणि अमेरिकेत सिएरा नेवाडा या कारखान्याने १९९६ साली. आता याकिमास २००३ सालापासून केवळ या एलची जत्रा भरते, आणि इंग्लंडच्या केंट परगण्यातील कारखानदार तोडणीपासून बारा तासांच्या आत वापरलेल्या स्थानिक फुलांची एल दर शरदऋतूत काढतात.

तिची पारख अशी. नाकाजवळ धरिली असता लिंबाच्या सालीचा, चिरडलेल्या हिरव्या पानाचा व राळेचा वास यावा; कडवटपणा तीक्ष्ण नसून मऊ असावा. नुसत्या कापलेल्या गवताचा वास आला तर कारागिराचे प्रमाण चुकले असे समजावे. हा सुवास फार दिवस राहत नाही; काही आठवड्यांत तो उतरतो. म्हणून रसिक लोक तिची वाट पाहतात. आमच्याकडे हुरड्याची वाट पाहतात ती याच कारणाने. कोवळ्या ज्वारीचे दाणे आगटीवर भाजून शेतातच खावे. चार दिवसांनी बाजारात तो हुरडा नव्हे. नीराही तशीच : ऊन चढले की तिची गोडी गेली.

चांगला पब

शेतकऱ्याने वेळेवर तोडले, कारखानदाराने वेळेवर उकळले, तरी विकणारा आळशी असेल तर सारे व्यर्थ. विलायतेत बिअर विकण्याच्या घरास पब म्हणतात. चांगल्या पबात पिपातील एल तळघरात ११ ते १३ अंश उष्णतेवर ठेवितात, म्हणजे बर्फासारखी गार नव्हे. ती पिपातच अखेरची थोडी आंबते व हातपंपाने वर येते. एकदा पीप उघडले की सुमारे तीन दिवसांत ते संपले पाहिजे. नाहीतर हवा लागून आंबूस होते. म्हणून जाणता पबवाला गिऱ्हाइकांच्या मानाने मोजकीच पिपे उघडतो, नळ्या आठवड्यास धुतो व पेला स्वच्छ ठेवितो. पेल्याच्या काचेस आतून बुडबुडे चिकटून राहिले तर पेला नीट धुतला नाही, हे ओळखणारास लगेच कळते. अशी एल नाहीशी होऊ लागली म्हणून १९७१ साली इंग्लंडातील पिणाऱ्यांनीच एक संघ काढला आणि चांगल्या पबांच्या याद्या छापावयास आरंभ केला. गिऱ्हाइकास पारख आली म्हणजे मालाची प्रत राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शेतकऱ्याची बाजू

आता मुख्य मुद्दा. ताज्या एलने शेतकऱ्याचे कल्याण झाले काय? याचे उत्तर होय आणि नाही, असे दुहेरी द्यावे लागते.

ताज्या विक्रीत भट्टीचे जळण व गाठी बांधण्याची मजुरी वाचते. परंतु कारखानदार एका दिवशी जेवढे उकळू शकतो तेवढेच घेतो. उरलेले रान तर दोन-तीन आठवड्यांत तोडलेच पाहिजे. म्हणून पिकाचा अगदी थोडा भाग ताजा जातो आणि फार मोठा भाग भट्टीतूनच जातो. ताज्या मालाने नाव होते, सुक्या मालावर संसार चालतो. ज्याने नावाच्या भरात भट्टी मोडली, तो बुडाला.

याकिमाच्या एका कुटुंबाची हकीकत येथे सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत दारूबंदी होती. ती उठण्याच्या आधीच, १९३२ साली, लॉफ्टस घराण्याने हॉपचा मळा लावला. त्यांच्याच वंशजांनी २०१३ साली मळ्याच्या एका तुकड्यात बेल ब्रेकर नावाचा बिअरचा कारखाना काढला. गिऱ्हाईक वेलांच्या शेजारी बसून एल पिते. मळा, कारखाना आणि पेला यांत अंतर उरले नाही. तरीही त्या घराण्याने सुक्या हॉपचा धंदा सोडला नाही, हे ध्यानात ठेवावे. त्याच खोऱ्यातील काही शेतकरी कुटुंबांनी १९८८ साली एकत्र येऊन आपला माल आपणच विकण्याची मंडळी उभी केली. ती आजही शेतकऱ्यांच्याच मालकीची आहे.

उलट बाजूही पाहावी. ऑक्टोबर २००६ मध्ये याकिमातील एका वखारीस आग लागून देशाच्या पिकाचा सुमारे चार टक्के माल जळाला. त्यातच जगात हॉपची टंचाई पडली आणि पुढील दोन वर्षांत भाव कित्येक पटींनी चढले. ते पाहून शेतकऱ्यांनी मांडव वाढविले आणि २००९ नंतर भाव कोसळले. पुढे छोट्या कारखान्यांची संख्या वाढत गेली. १९७० च्या दशकाअखेर त्या देशात शंभराच्या आत असलेले कारखाने नऊ हजारांवर गेले. हॉपखालील क्षेत्र २०२१ साली सुमारे ६० हजार एकरांवर पोहोचले. मग मागणी मंदावली, वखारी भरल्या, आणि २०२४ साली क्षेत्र सुमारे ४५ हजार एकर राहिले. तीन वर्षांत एक चतुर्थांश मांडव गेले. मांडव उभारण्यास लागलेले कर्ज मात्र वेलाबरोबर वाळत नाही.

इंग्लंडातील कथा याहून लांब आहे. १८७८ साली तेथे सुमारे ७२ हजार एकरांत हॉप होता. भाव कोसळू लागल्यावर १९३२ साली हॉप विक्रीचे मंडळ स्थापून प्रत्येक शेतकऱ्याने किती विकावे हे ठरविण्यात आले. त्यामुळे भावास आधार मिळाला. १९८२ साली ते मंडळ संपले. आज तेथील क्षेत्र फारच थोडे उरले आहे. जे मळे टिकले, त्यांपैकी काही आज आपल्या परगण्याच्या नावावर व ताज्या फुलांवर गिऱ्हाईक धरून आहेत.

आपण काय घ्यावे

पहिली गोष्ट : हॉप घेऊ नये. कोणी रोपे विकावयास आला व एकरी मोठ्या उत्पन्नाचे आकडे सांगू लागला, तर त्यास दिवसाची लांबी विचारावी. याकिमास उन्हाळ्यातील मोठा दिवस सुमारे सोळा तासांचा, पुण्यास सव्वातेरा तासांचा. शिवाय त्या वेलास हिवाळ्याची कडक विश्रांती लागते. आपल्या देशात तो हिमाचलातील लाहौलसारख्या थंड खोऱ्यात होतो. दख्खनच्या पठारावर त्यामागे पैसा घालणे शहाणपणाचे नव्हे. पुण्यास २००९ पासून छोट्या बिअरभट्ट्या निघाल्या आहेत. तेथेही हॉप बहुतेक बाहेरून, वाळविलेलाच येतो.

दुसरी गोष्ट : वेल घेऊ नये, पण रीत घ्यावी. हुरडा, नीरा, ताजा रस, स्ट्रॉबेरी, द्राक्ष, ज्या मालाची किंमत ताजेपणात आहे, तो माल गिऱ्हाइकाकडे धावण्यापेक्षा गिऱ्हाईक मालाकडे यावे, अशी योजना करावी. तोडणीचा दिवस आधी जाहीर करावा. विकणाऱ्याचीही परीक्षा घ्यावी. ज्याच्या दुकानात माल पडून राहतो त्यास ताजा माल देऊ नये, कारण नाव शेवटी आपलेच जाते.

तिसरी गोष्ट : ताज्याबरोबर वाळवणाची सोय राखावी, आणि ती शक्य तर एकट्याने न करता सोसायटीमार्फत करावी.

चौथी गोष्ट : चढलेला भाव पाहून क्षेत्र वाढवू नये, करार पाहून वाढवावे. करारही केवळ हातात असून भागत नाही; घेणाऱ्याचा माल खपतो आहे की वखारीत साठतो आहे, हे पाहावे. पीकपाहणीच्या कागदावर एखाद्या पिकाखालील क्षेत्र दरवर्षी वाढत चाललेले दिसले की बहुतेकांस आनंद होतो. आमचा अनुभव असा की, तेथेच थांबून रुजवात घ्यावी : हे पीक खाणार किती आणि पिकविणार किती? या दोन आकड्यांचा मेळ बसत असेल तरच नव्या मांडवाचा पहिला खांब रोवावा.