गोधडी आणि साशिको : एक अभ्यासपाठ

यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या भिवंडीच्या मुलांना कापड नवे नाही. मागावरून उतरलेले कोरे ‘ग्रे’ कापड आणि कारखान्याबाहेर साठलेल्या चिंध्या ती रोज पाहतात. म्हणून जपानी हस्तकलांची ओळख करून घेताना त्यांनी कागदाच्या ओरिगामीबरोबर ‘साशिको’ ही टाक्यांची कलाही हाताळावी, असे आम्हांस वाटते.

साशिको म्हणजे बारीक टोचणी. जपानच्या उत्तरेकडील तोहोकू भागात थंडी कडाक्याची. तेथे कापूस पिकत नसे, आणि शेतकऱ्याने कोणते वस्त्र ल्यावे यावरही सरंजामी राजवटीची बंधने होती. तेव्हा बायकांनी निळीत रंगवलेल्या जाड्याभरड्या कापडाचे थर एकावर एक ठेवून त्यांवर पांढऱ्या दोऱ्याने धावदोरा घातला. जीर्ण वस्त्र टिकले, ऊब वाढली आणि गरजेतूनच नक्षी उमलली. यानागी सोएत्सु या विचारवंताने अनाम हातांच्या अशा वस्तूंचे सौंदर्य ओळखले आणि १९३६ साली तोक्योत लोककलांचे संग्रहालय उभे केले.

हीच रीत आपल्या आजीच्या गोधडीची. परंतु पाहुणे आले की आपण गोधडी आत ठेवतो, रजई बाहेर काढतो. वास्तविक तुकडे जोडण्याला आपल्या परंपरेत मोठा मान आहे. मगधातील बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदांना तशा आकृतीचे चीवर सिद्ध करण्यास सांगितले, असे विनयपिटकात आहे. टाकलेल्या चिंध्यांचे चीवर ते ‘पांसुकूल’. जपानी भिक्खूंच्या ‘केसा’ या वस्त्रात तुकड्यांची तीच मांडणी आजही दिसते.

वस्त्र आणि स्वाभिमान यांचे नाते आपणांस वेगळे सांगावयास नको. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना, जात दाखवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडून स्वच्छ राहण्याचा उपदेश केला. फाटके शिवून ल्यायला लाजू नये, हेही आपल्या मुलांना कळावे.

आता कृती. निळे सुती कापड, जाड पांढरा सुती दोरा, लांब सुई, पट्टी आणि खडू घ्यावा. प्रथम सरळ रेषा आखाव्यात. पाच-सहा टाके सुईवर भरून मग दोरा ओढावा आणि कापड बोटांनी सारखे करावे, म्हणजे चुण्या पडत नाहीत. टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे असावेत. रेषा जेथे छेदतात तेथे मध्यबिंदू मोकळा सोडावा. हात बसल्यावर ‘शिप्पो’ ही एकमेकांत गुंतलेल्या वर्तुळांची नक्षी करावी. बौद्ध साहित्यातील सप्तरत्नांवरून तिला हे नाव मिळाले आहे.

पालकांस एकच विनंती. सुटीत मूल घरी आले की त्याला घरातील जुनी गोधडी उलगडून दाखवावी. त्यातील कोणता तुकडा कोणाच्या लुगड्याचा, कोणाच्या सदऱ्याचा, हे आजीने सांगावे आणि सुटलेला एखादा टाका त्याच्याकडूनच घालून घ्यावा.